क्लॅरिसाबाईंचा शेवटचा अंक

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कामावर मी रोज लॉग लिहिते. कुठला ट्रान्समीटर बदलला, कुठला व्हॉल्व्ह अडला, पुढच्या शिफ्टला काय सांगायचं. घरचा लॉग ठेवायची गरज कधी वाटली नव्हती, कारण घरी नोंदवण्यासारखं काही घडत नाही. आज घडलं. मला न विचारता मला एका नाटकात घेतलं.

दोह्यातल्या मराठी मंडळाची मीटिंग मालविकाताईंकडे होती. मी फक्त अँजेलीन मावशीला सोबत म्हणून गेले. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. आईची वसईजवळच्या नंदाखालची मैत्रीण. दोह्यात एका हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिच्या अल थुमामातल्या फ्लॅटमधली एक खोली तीन वर्षं माझ्याकडे आहे.

"लाइट्स कोण बघणार?" मालविकाताईंनी विचारलं.

"आमची सिमोना बघेल की," मावशी म्हणाली. "रास लफानला अख्खा गॅसचा प्लांट सांभाळते ती."

मी प्लांट सांभाळत नाही. एका युनिटची इन्स्ट्रुमेंट्स सांभाळते. मी तसं सांगितलं. तोवर माझं नाव लिहून झालं होतं.

नाटक मालविकाताईंनीच लिहिलंय. त्या एका अमेरिकन शाळेत ड्रामा शिकवतात. तिथल्या लायब्ररीत त्यांना एक जाडजूड चरित्र सापडलं: क्लॅरिसा हॅरोबी, सव्वादोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकेतली नटी. "आपल्याला काय करायचंय त्या बाईशी?" असं त्यांच्या नवऱ्याने, सुरेशकाकांनी, विचारलं. (मालविकाताईंना ताई म्हणायचं, त्यांच्या नवऱ्याला मात्र काका. हा नियम त्यांचाच आहे.)

"पोटासाठी समुद्र ओलांडून आली," मालविकाताई म्हणाल्या. "परक्या गावात बिऱ्हाड मांडलं. दर मोसमाला नवं काँट्रॅक्ट, नवा मालक. सुरेश, यातलं तुला काही ओळखीचं वाटत नसेल तर तू गेली अठरा वर्षं कतारमध्ये करतोयस तरी काय?"

पहिल्या दोन अंकांत क्लॅरिसा स्वतः मालविकाताई. तिसऱ्या अंकात, म्हातारपणी रंगभूमीचा निरोप घेणारी क्लॅरिसा: अँजेलीन मावशी. बावीस वर्षांत मंडळाने मावशीला नर्स, सासू, मोलकरीण आणि एकदा भूत दिलं होतं. भुताला संवाद नव्हते. आता मोठी भूमिका मिळाली, तर हे तिचं इथलं शेवटचं नाटक. हॉस्पिटलचं काँट्रॅक्ट संपतंय, ३१ जानेवारीला ती कायमची वसईला जाते. प्रयोग २३ जानेवारीला, म्हणजे वेळेत आहे.

येताना टॅक्सीत मावशी खिडकीबाहेर बघत नुसते ओठ हलवत होती. तिला थंडी वाजत असावी म्हणून मी ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगितला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मावशी जाणार म्हणजे मला दुसरी जागा हवी. संध्याकाळी एक खोली पाहिली. स्वच्छ, भाडं ठीक, बसस्टॉप जवळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इथल्यासारखी विमानं दिसत नाहीत. नको म्हणाले.

स्क्रिप्ट वाचून काढली, कारण काय उजळायचं ते कळल्याशिवाय दिवे लावता येत नाहीत. क्लॅरिसा पंधराव्या वर्षी आईबरोबर ब्रिस्टलहून जहाजाने निघाली. फिलाडेल्फियात एका नाटक कंपनीत लागली. पहिल्या रात्री तिला मोलकरणीचं काम होतं आणि एकच वाक्य: "बाई, गाडी आली." ते तिने इतक्या जोरात म्हटलं की मागच्या बाकावरचा माणूस उठून खरंच बाहेर गाडी बघायला गेला. पुढे कंपनीच्या मॅनेजरशी लग्न, नायिकेची कामं. मग शहरात पिवळ्या तापाची साथ आली, त्यात नवरा गेला. कंपनी मोडली नाही. तिने ती स्वतः चालवायला घेतली आणि बैलगाड्या, तराफे करत पश्चिमेला नेली. कोठारात, खानावळीत, मिठाच्या गोदामात नाटकं केली.

मला नटांबद्दल विशेष आस्था नाही. पण या बाईचं मेंटेनन्स चांगलं होतं.

शनिवार, ६ डिसेंबर

तालीम. आठांपैकी तीन जण आले. अनय रात्रपाळी करून झोपेत होता, सुरेशकाका साइटवर, बाकीचे शिफ्टला. प्लांटला शुक्रवार-शनिवारची सुट्टी कळत नाही.

जमले त्यांनी बोस्टनचा प्रवेश केला. तेव्हा बोस्टनमध्ये कायद्याने नाटकाला बंदी होती, म्हणून क्लॅरिसाची कंपनी जाहिरातीत लिहायची, "नीतिपर व्याख्यान, पाच भागांत." पाच भाग म्हणजे पाच अंक. पूर्णिमा खूप हसली. ती एका ऑफिसात अकाउंट्स बघते. नाटकात क्लॅरिसाची कपडेपटवाली हेस्टर आहे. मला हे हसण्यासारखं वाटलं नाही. वर्णन तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं.

गुरुवार, ११ डिसेंबर

मावशी कुकरसमोर उभी राहून निरोपाचं भाषण म्हणते. शिट्टी झाली की थांबते, मान लववते, पुढे म्हणते. मी कांदा चिरत तिच्यासमोर दुसऱ्यांची वाक्यं वाचते. आज तिने मला थांबवलं.

"बाय गं, तू माझं वाक्य संपलं की श्वास घेतेस, मग बोलतेस."

"मी वाक्य पूर्ण झालंय का ते तपासते."

"नको तपासू. क्यू मिळाला की बोलायचं. थांबलीस तर समोरच्याला वाटतं, हिला काही म्हणायचंच नाही. बिचारा उभाच राहतो."

नोंद घेतली. फक्त नाटकापुरती.

सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये अनयने पुन्हा माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती. अनय नाशिकचा, कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर असतो, नाटकात क्लॅरिसाचा नवरा आहे. जागा का धरतो कळत नाही. बस अर्धी रिकामी असते.

शनिवार, २० डिसेंबर

वाईट बातमी. मालविकाताईंच्या शाळेने प्रयोगासाठी दिलेला हॉल काढून घेतला. २३ तारखेला त्यांचाच काही कार्यक्रम आहे. पुढची तारीख ६ फेब्रुवारी. दुसरे हॉल जानेवारीभर भरलेत. ६ फेब्रुवारीला मावशी वसईत असेल.

मालविकाताईंच्या दिवाणखान्यात सगळे जमले होते. मावशीच सगळ्यांत आधी बोलली. "अगं, त्यात काय एवढं. पूर्णिमाला पाठ होईल पंधरा दिवसांत. मी तिला शिकवते." आणि उठून चहाचे कप गोळा करू लागली. अर्धे भरलेले होते.

"तसंच करावं लागेल," सुरेशकाका म्हणाले. "खलास. नाइलाज आहे."

मालविकाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी हातातली शेव परत डिशमध्ये ठेवली.

"माझं नाटक वाचलंयस का तू?"

"माझा पार्ट वाचलाय ना."

"मग ऐक. त्या काळी एकदा भूमिका दिली की ती नटाच्या मालकीची. मॅनेजर बदलो, गाव बदलो, भूमिका काढून घ्यायची नाही. क्लॅरिसाबाईंनी बावन्नाव्या वर्षी सोळा वर्षांच्या पोरीचं काम केलं आणि कोणाची टाप नव्हती मागायची. तिसरा अंक अँजेलीनचा आहे. ती जाते ३१ला, तर प्रयोग त्याआधी."

"कुठे? कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यात?"

"क्लॅरिसाबाई मिठाच्या गोदामात नाचली. तुझ्या कंपनीचं इंडस्ट्रियल एरियात बांधकामाच्या मचाणांच्या पाइपांचं यार्ड आहे. त्यात शेड आहे. मी पाहिलीय. तिला छप्पर आहे आणि तुझ्या डोक्यापेक्षा तिथे हवा जास्त खेळती आहे."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. तिने ते कोणालाच दिले नाहीत, ठेवलेही नाहीत.

तारीख ठरली: शुक्रवार, १६ जानेवारी. त्या संध्याकाळी एकटे सुरेशकाका सोडले तर सगळे मोकळे आहेत, आणि काका म्हणाले, इन्शाल्ला, दुसऱ्या अंकापर्यंत पोचतो. त्यांचं काम तिसऱ्यातच आहे.

शनिवार, २७ डिसेंबर

नाताळ झाला. मावशीने खूप स्वयंपाक केला, मंडळातले सगळे जेवून गेले. माझी भेट तिला आवडली असावी. (डोक्याला लावायची विजेरी. वसईत वीज जाते.)

मुख्य प्रश्न असा की सगळे मिळून एकही पूर्ण तालीम होऊ शकत नाही. शिफ्टचे तक्ते एकावर एक ठेवून पाहिले. आठही जण एकत्र येतील असा एकच दिवस निघतो आणि तो प्रयोगाचा, त्यातही काका उशिरा.

उत्तर स्क्रिप्टमध्येच मिळालं. क्लॅरिसाच्या काळात कागद महाग, हाताने लिहायचं. त्यामुळे कुठल्याच नटाला पूर्ण नाटक देत नसत. फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. क्यू. ती असे कागद घेऊन तीन दिवसांत नवं नाटक उभं करायची. हे तर सरळ इंटरलॉक आहे: हा सिग्नल आला की ही क्रिया. मी सबंध नाटक तसं मोडून काढलं आणि प्रत्येकाचे कागद छापले. वर सूचना दिली: "क्यू ऐकला की आत या. विचार करू नका."

मालविकाताईंना एक दुरुस्ती सुचवली. "बाई, गाडी आली" हे वाक्य तीन अंकांत तीनदा येतं. अनावश्यक पुनरावृत्ती, काढता येईल. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, नाटक त्याच्यावरच उभं आहे. पहिल्यांदा ती स्वतः म्हणते, मग तिला म्हणतात." ठेवलं.

कागद चांगले झालेत. अनय म्हणाला, इतकं स्वच्छ काम त्याने प्लांटवरही पाहिलं नाही. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

शनिवार, ३ जानेवारी

यार्ड पाहिलं. शेड मोठी आहे. मचाणांच्या पाइपांचंच स्टेज बांधलंय, वर फळ्या. तिथले फोरमन जहूरभाई, लखनौकडचे. मालविकाताई उत्साहाने शिडीकडे निघाल्या तर त्यांनी हात आडवा केला.

"मॅडम, टॅग लगा नहीं है. टॅग के बिना ऊपर कोई नहीं जाएगा."

"भैया, मैं डायरेक्टर हूँ."

"डायरेक्टर भी गिरता है, मॅडम."

त्यांनी प्रत्येक जोड हलवून पाहिला, मग हिरवा टॅग लावला, मग आम्ही चढलो. या सबंध उपक्रमात मला पूर्ण विश्वास वाटावा असा हा पहिला माणूस.

सुरेशकाकांनी कंपनीची परवानगी काढली आहे. अर्जात "नाटक" लिहिलं तर कुठल्या विभागाकडे पाठवायचं हे कोणालाच कळेना. म्हणून "कुटुंबांसाठी सुरक्षा-जागृती कार्यक्रम, तीन भागांत" असं लिहिलं. अट एकच, सुरुवातीला जहूरभाई पाच मिनिटं सुरक्षेवर बोलणार. बोस्टनचा प्रवेश मला आत्ता, यार्डातून परत येताना, विनोदी वाटला. बसमध्ये एकटीच हसले. अनयने कारण विचारलं. सांगितलं. त्यालाही हसू आलं, जरा जास्तच वेळ.

सोमवार, १२ जानेवारी

पाचवी खोली पाहिली. दोष काही नाही. नको म्हणाले.

तालमी अंक-अंकाने, मिळतील त्या माणसांवर चालू आहेत. प्रत्येकाचे क्यू पाठ. दिवे ठीक. धोका दिसत नाही.

शनिवार, १७ जानेवारी

काल काय झालं ते क्रमाने लिहिते.

साडेसहाला शेड भरली. मंडळाची कुटुंबं, हॉस्पिटलातल्या मावशीच्या मैत्रिणी, आणि शेजारच्या राहत्या इमारतींमधले जहूरभाईंचे बरेच लोक. त्यांना मराठी येत नव्हतं, पण सुट्टी होती. आधी जहूरभाई बोलले. बाहेर जायचे दरवाजे दाखवले. "बत्ती गुल हो जाए तो अपनी जगह बैठे रहिए. कोई भागेगा नहीं, कोई चिल्लाएगा नहीं. बत्ती वापस आती है." टाळ्या पडल्या. त्यांना सवय नसावी; त्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे संशयाने पाहिलं.

मी विंगेला लागून, उंच मचाणावर दिव्यांच्या बोर्डापाशी होते. पहिला अंक उत्तम. मालविकाताईंनी पंधरा वर्षांची क्लॅरिसा केली आणि दहा मिनिटांत मी ते मान्यही केलं. "बाई, गाडी आली!" या आरोळीला एक लहान मुलगा खरोखर मागे वळून बघू लागला.

दुसऱ्या अंकात साथ आली, अनय पिवळ्या तापाने मेला. बरा मेला. मी त्याच्यावरचा दिवा ठरल्यापेक्षा सावकाश कमी केला.

अंकाच्या शेवटी क्लॅरिसा पश्चिमेला निघते. हेस्टर येऊन म्हणते, "बाई, गाडी आली," क्लॅरिसा वळून रिकाम्या स्टेजकडे पाहते, अंधार, मध्यंतर. तेवढ्यात सुरेशकाका साइटवरून धावत पोचले होते. घाईने कोट चढवून विंगेत उभे. पूर्णिमा म्हणाली, "बाई, गाडी आली."

आणि सुरेशकाका आत आले.

ते तिसऱ्या अंकाचे, शेवटच्या प्रवेशाचे थिएटर-मालक. त्यांच्या कागदावर एवढंच होतं: "…बाई, गाडी आली." मग त्यांचं वाक्य. त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "मंडळी, खेळ संपला! बाईंना निरोप द्या!" तो बाकी सगळ्यांचा क्यू. सगळे माझी सूचना पाळून, विचार न करता, बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन आत आले आणि रांगेत उभे राहिले. पंधरा मिनिटांपूर्वी मेलेला अनयही आला, कारण त्याच्या कागदावर तसं होतं. मालविकाताई मध्यभागी दगडासारख्या. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले.

प्लांटवर दोन उपकरणांना एकच टॅग नंबर देणाऱ्याला मी वर्षभर विसरू देत नाही. मी एकच क्यू दोन ठिकाणी दिला होता. सांगूनसवरून, वाक्य तीनदा येतं हे मीच दाखवून दिलं होतं.

समोरच्या विंगेत मावशी उभी होती. पांढरा टोप, काळी शाल, हातात हातमोजे. ती चिडली नव्हती. तिने स्टेजवरची रांग पाहिली, टाळ्या ऐकल्या आणि हळूच हातमोजे काढायला लागली. अगदी त्या चहाच्या कपांसारखं.

कामावर एक नियम आहे. काय चाललंय ते हाताबाहेर गेलं तर बंद करा. मुद्दाम केलेलं ट्रिप हे अपघातापेक्षा बरं. मी मुख्य ब्रेकर खाली ओढला.

पूर्ण अंधार. मेणबत्त्यांची बटणंही सगळ्यांनी दचकून बंद केली; उरले फक्त दरवाज्यांवरचे हिरवे बोर्ड. आणि कोणी हललं नाही, कोणी ओरडलं नाही. सगळे जहूरभाईंनी सांगितल्याप्रमाणे जागेवर बसून राहिले. मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे अंधारानंतरचा क्यू नव्हता.

मग मावशीचा आवाज आला. मोठा नव्हता. वॉर्डातली वीज गेल्यावर ती ज्या आवाजात बोलत असेल, तो.

"घाबरू नका. मी आहे इथे." पावलं वाजली, फळ्यांवर, बेतशीर. "आमचे मालक म्हणाले, खेळ संपला. मालक लोकांना नेहमी घरी जायची घाई असते."

अंधारात हसू फुटलं.

"चाळीस वर्षं मी बघतेय. नाटक नटांनी संपवायचं असतं, मालकांनी नव्हे. मालक, बसा खाली. फळीला टॅग आहे, पडणार नाही तुम्ही."

पाठीमागून जहूरभाईंच्या लोकांना त्यातला "टॅग" तेवढा कळला आणि शेड हादरली. सुरेशकाका बसल्याचा आवाज आला.

मी ब्रेकर वर केला आणि एकच दिवा आणला, तिच्यावर. हा दिवा माझ्या यादीत नव्हता. ती म्हणाली, "मेणबत्त्या घेऊन ही मंडळी लवकर आली म्हणून काय झालं? उजेड लवकर आला तर परत पाठवायचा नसतो." मग मध्यंतर न घेता तिसरा अंक सुरू केला. मेणबत्तीवाले सगळे जागच्या जागी बसले आणि तिचे प्रेक्षक झाले. मालविकाताईसुद्धा फळीवर मांडी घालून बसल्या आणि दुसऱ्या बाईने आपली भूमिका पुढे नेताना तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या.

तिने सगळा अंक केला. बावन्नाव्या वर्षी सोळा वर्षांची होणारी क्लॅरिसा आठवून केली, तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग निरोपाचं भाषण. "या देशात मी एका वाक्याची आले. आज जाताना माझ्याकडे इतकी वाक्यं आहेत की सामानात मावत नाहीत." हे स्क्रिप्टमध्ये आहे. त्यापुढे ती म्हणाली:

"आणि माझी दिवाबत्ती करणारी पोर. ती फार बोलत नाही. पण अंधार कधी करायचा ते तिला कळतं."

ही वाक्यं स्क्रिप्टमध्ये नाहीत. मी तपासलं. त्यानंतरचा दिवा मी उशिरा बदलला. कारण नोंदवता येत नाही.

शेवटी पूर्णिमा उठली. "बाई, गाडी आली."

सुरेशकाका जागचे हलेनात. त्यांनी आधी पूर्णिमाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग वर माझ्याकडे. मी मान हलवली. तरी उठेनात.

"मालक," मावशी म्हणाली, "आता खरंच आली. आता बोला."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही.

नंतर मी सगळ्यांना चूक कशी झाली ते समजावून सांगितलं. कोणी ऐकेना. मालविकाताई म्हणाल्या, पुढच्या प्रयोगातही असंच करायचं. फक्त जहूरभाईंनी नीट ऐकून घेतलं. "मॅडम, बिना पूछे ट्रिप किया आपने." मी हो म्हटलं. त्यांनी विचार केला. "अच्छा किया. लेकिन अगली बार पूछना."

शुक्रवार, २३ जानेवारी

पूर्णिमालाही जागा हवी आहे हे मावशीला महिनाभर माहीत होतं. घरमालकाशीही ती कधीच बोलून बसली होती. फ्लॅट माझ्या नावावर होतोय, पूर्णिमा मावशीच्या खोलीत येते.

"मग मी पाच खोल्या बघितल्या तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू प्रत्येक खोलीला नको म्हणत होतीस," मावशी म्हणाली. "मला बघायचं होतं, तुला का ते कधी कळतं."

मी म्हटलं, कारण विमानं दिसत नव्हती. ती म्हणाली, "हो गं बाय, विमानंच."

शनिवार, ३१ जानेवारी

मावशीच्या तीन बॅगा. वजन मी केलं, मर्यादेत आहे. कुकर इथेच ठेवून गेली. नंदाखालच्या नाटक मंडळींनी ईस्टरनंतरच्या नाटकासाठी तिला आधीच गाठलंय. सासूचं काम होतं. तिने सांगितलं, आधी पूर्ण स्क्रिप्ट पाठवा, मग मी सांगते माझी भूमिका कुठली.

विमानतळावर न्यायला अनय गाडी घेऊन आला. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. (मी सांगितलं.)

खाली हॉर्न वाजला. मावशी हॉलमध्ये बॅगेवर बसली होती, काळी शाल घेऊन, हातमोजे घालून. जानेवारीतल्या दोह्यात हातमोज्यांचं काही काम नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती बसून राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. ती तरीही उठेना.

तेव्हा कळलं, थांबलंय ते माझ्यामुळे.

मी स्टेजवर कधी काम केलेलं नाही, करणारही नाही. पण श्वास न घेता म्हटलं, आणि जितक्या जोरात म्हणायला हवं तितक्या जोरात म्हटलं:

"बाई, गाडी आली!"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडून शेजारी बाहेर डोकावले. मावशी उठली. दारापर्यंत गेली, वळली, स्वयंपाकघर, खिडकी, मी, सगळ्यांकडे सावकाश एकदा पाहिलं, मान लववली आणि निघाली. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाली, "मागच्या बाकापर्यंत पोचलं."

रविवार, १ फेब्रुवारी

कामावर रुजू. पूर्णिमाचं सामान संध्याकाळी येतंय. घरी कुकर लावला, तीन शिट्ट्या.

सकाळी बसमध्ये आधी मी चढले. अनयसाठी खिडकीची जागा धरली. त्याने कारण विचारलं.

बस अर्धी रिकामी होती. या वेळी श्वास घ्यायला न थांबता सांगितलं.